डी. सी. आला रे आला!

बी. कॉम. झालेल्या माणसाला डी. सी. ही दोन अक्षरे दिसली की त्याच्या डोळ्यांपुढे डेबिट आणि क्रेडिट उभे राहतात. माझ्याही राहत. बँकेच्या काउंटरमागे बावीस वर्षे बसल्यावर दुसरे काही उभे राहण्याची शक्यताही नसते. पण २०१४ सालच्या एका रविवारी संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये धूर निघाला, आणि डी. सी. म्हणजे डायरेक्ट करंट, हे मी असे शिकलो की आता सात जन्म विसरणार नाही.

आपल्या देशात लाउडस्पीकरपासून माणसांना वाचवण्यासाठी कायदा आहे. २००० साली केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषणाचे नियम केले, आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत लाउडस्पीकरचे तोंड बंद झाले. निदान कागदोपत्री तरी. पण लाउडस्पीकरला कुणापासून वाचवायचे असते, हे कोणत्याच सरकारच्या ध्यानात आलेले नाही. माझ्याही आले नव्हते. माझी समजूत अशी की स्पीकर म्हणजे घरातला सर्वांत दांडगा प्राणी. तो इतरांना त्रास देणार, त्याला कोण देणार? प्रत्यक्षात स्पीकर म्हणजे घरजावयासारखा गरीब जीव आहे. समोरून येईल ते निमूटपणे घ्यायचे आणि तसेच बोलून दाखवायचे. आणि समोर असतो अँप्लिफायर. त्याचे डोके फिरले की स्पीकरचा शेवट ठरलेला.

पण धुराकडे येण्याआधी त्या स्पीकरांची ओळख करून दिली पाहिजे.

आमचे बाबा पोस्टात होते. १९८८ साली त्यांनी बोनसच्या पैशांतून लॅमिंग्टन रोडवरून आठ-आठ इंचांचे दोन स्पीकर आणि दोन छोटे ट्वीटर आणले. या रस्त्याचे खरे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण त्या नावाने विचारले तर तिथला माणूसही 'पुढे विचारा' म्हणतो. तर बाबांनी ते स्पीकर ग्रँट रोडपासून दादर आणि दादरपासून डोंबिवली असे लोकलमधून मांडीवर बसवून आणले. त्या प्रवासात मीही होतो. मी उभा होतो.

मग सुतार बोलावून सागवानी प्लायची दोन खोकी करून घेतली. 'हवा बिलकूल आत-बाहेर जाता कामा नये,' असे बाबांनी त्याला चारदा बजावले. सुताराने मान डोलावली आणि म्हणाला, 'काळजी करू नका पोस्टमनसाहेब, गव्हाला कीड लागणार नाही.' त्यात गहू नसून गाणे ठेवायचे आहे, हे कळल्यावर त्याने मजुरीत दहा रुपये वाढवून घेतले.

या खोक्यांवर फुलदाणी ठेवायची नाही, टेकायचे नाही आणि त्यांच्यासमोर क्रिकेट खेळायचे नाही, असे तीन नियम होते. आईने त्यांवर क्रोशाचे रुमाल घातले, तेवढे चालले. कारण आईला नियम लागू नव्हते.

आमच्याकडे एक कॅसेट आहे. १९९१ साली शेजाऱ्यांच्या टेपरेकॉर्डरवर आईचे गाणे भरून घेतले होते. आई काही शिकलेली गायिका नव्हती. हळदीकुंकवाला 'म्हण गं तू एखादं' असा आग्रह झाला की ती म्हणायची, इतपतच. कॅसेट साठ मिनिटांची. त्यात गाणे असेल बावीस मिनिटे. उरलेल्या वेळात कुकरच्या शिट्ट्या आहेत, 'सुरू झालं का? लाल बटण दाब' ही माझी सूचना आहे, आणि एका भावगीताच्या ऐन अंतऱ्यात आईने सूर न सोडता ओरडून सांगितलेले 'अरे, दूध बघा कुणीतरी!' हेही आहे. २००९ साली आई गेली. तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी बाबा ही कॅसेट लावत. गाणे भीमसेन जोशींचे असो, माणिक वर्मांचे असो, ते कोणत्याही दिवशी चाले. रविवार आईचा.

अँप्लिफायर मात्र थकला होता. तो आमच्या गल्लीतल्या रेडिओवाल्या काकांनी १९८८ सालीच जुळवून दिलेला. पंचवीस वर्षांनंतर तो गाण्याआधी पाच मिनिटे खाकरू लागला. म्हणून बाबांच्या बहात्तराव्या वाढदिवसाला नवा अँप्लिफायर घ्यायचा, असे मी ठरवले. नवा म्हणजे मला नवा. मूळ मालकाने तो किती वर्षे वापरला हे दुकानदाराने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. १०० वॅटचा होता. दुकानदार म्हणाला, 'साहेब, खालच्या मजल्यावरचा माणूस उठून नाचेल.' आमच्या खालच्या मजल्यावर नुकतीच बायपास झालेले गृहस्थ राहत होते, तरीही मी घेतला. वॉरंटी किती, म्हणून विचारले तर उत्तर आले, 'टेस्टिंग वॉरंटी. इथं वाजला, म्हणजे झाली वॉरंटी.' कर्ज देताना आमची बँक जामीनदाराच्या जामीनदाराची चौकशी करते. त्या बँकेचा मी कर्मचारी. पण लॅमिंग्टन रोडवर उतरलो की माझ्यातला कारकून स्टेशनवरच राहतो.

रविवारी संध्याकाळी वाढदिवस झाला. औक्षण झाले, शिरा झाला. बाबांनी कॅसेट लावली. आईने पहिली ओळ म्हटली आणि दुसऱ्या ओळीला डाव्या स्पीकरातून 'घूंऽऽ' असा आवाज आला. त्याचा पडदा पुढे आला आणि तसाच उभा राहिला. रुसलेल्या मावशीचा खालचा ओठ जसा पुढे येऊन राहतो, तसा. मग वास आला.

सौ. म्हणाली, 'अहो, शिरा लागला!' आणि स्वयंपाकघरात धावली. बाबा म्हणाले, 'आवाज कमी कर रे!' मी आवाज कमी केला. शून्यावर आणला. घूं तसेच. शून्याच्याही पलीकडे बटण फिरवता येते का ते पाहिले. तोपर्यंत कापडाच्या जाळीतून धूर येऊ लागला होता. शेवटी आमच्या आठ वर्षांच्या मुलीने भिंतीवरचे बटण बंद केले. घरात एवढे एकच माणूस सायन्सला जाईल, हे मी तेव्हाच ओळखले.

बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी कॅसेट बाहेर काढली, फीत कुठे गुंडाळली गेली नाही ना ते उजेडात धरून पाहिले आणि डबीत घातली. मग म्हणाले, 'आवाज शाबूत आहे रे. तोंड गेलं.'

मला वाटते, त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी रेडिओवाले काका आले. डॉक्टर आधी नाडी बघतो, काका आधी वास घेतात. जाळीला नाक लावून म्हणाले, 'व्हॉइस कॉइल गेली. ट्वीटर वाचला.' मग मीटर काढून अँप्लिफायरच्या डाव्या टर्मिनलला लावला. काटा धाडकन उलट्या अंगाला गेला. काकांनी तारा बदलून लावल्या आणि आकडा वाचला. चौतीस व्होल्ट आणि वर थोडे.

'बँकवाले,' काका म्हणाले, 'इथं किती पाहिजे, ठाऊक आहे?'

'किती?'

'शून्य. पन्नास मिलिव्होल्टच्या आत असेल तर माफ. चौतीस म्हणजे दरोडा.'

यापुढे काकांनी जे सांगितले ते मला समजले याचे श्रेय कॉमर्स शाखेला आहे. हल्लीच्या बऱ्याच अँप्लिफायरांत दोन सप्लाय असतात. एक अधिक ३५ व्होल्टचा, एक उणे ३५ व्होल्टचा. दोघांच्या मध्ये दोन आउटपुट ट्रान्झिस्टर आणि त्या दोघांच्या मधोमध स्पीकरची तार. गाणे सुरू नसते तेव्हा वरचा जितके ओढतो तितकेच खालचा ओढतो आणि मध्ये येते शून्य. म्हणजे ट्रायल बॅलन्सच की! डेबिट बाजू आणि क्रेडिट बाजू सारखी, फरक शून्य. गाणे सुरू झाले की क्षणात जमा, क्षणात नावे. पडदा पुढे, पडदा मागे. पण एकूण बेरीज पुन्हा शून्यच.

आता यातला एक ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला, तर? तर एका बाजूचे सगळे पैसे एकदम मधल्या खात्यात येऊन पडतात. असला फरक निघाला तर आम्ही तो सस्पेन्स अकाउंटला टाकतो आणि घरी जातो. अँप्लिफायरच्या दुनियेत सस्पेन्स अकाउंट नसते. तो फरक बिचाऱ्या स्पीकरच्या नावे पडतो.

'पण मी आवाज शून्यावर आणला होता,' मी म्हणालो.

'व्हॉल्यूमचं बटण पुढच्या दारात असतं,' काका म्हणाले, 'चोर मागच्या दारानं आलेला. पुढचं दार लावून काय उपयोग?'

मग त्यांनी माझ्याकडून हिशेब करून घेतला. स्पीकरवर ८ ओहम लिहिलेले असते, पण सरळ करंटाला त्याची तार ६ ओहमच अडथळा करते. ३५ भागिले ६, म्हणजे जवळजवळ पावणेसहा अँपिअर. त्याला पुन्हा ३५ ने गुणले, की झाले २०० वॅट. सप्लाय थोडा दबला असे धरले तरी दीडशे कुठे गेले नाहीत. काकांनी खिशातून सोल्डरिंगची इस्त्री काढून माझ्यापुढे धरली. 'ही २५ वॅटची. हिनं शिसं-कथील पाण्यासारखं वितळतं. अशा सहा-आठ इस्त्र्या बाबांच्या स्पीकरच्या इंचभर गुंडाळीला तुम्ही एकदम लावल्या.'

'पण स्पीकर ४० वॅटचा होता ना? थोडा तरी टिकायला हवा.'

'गाण्याचे ४० वॅट वेगळे. गाणं येतं-जातं, कॉइल हलते, वारा घेते. आणि स्पीकरात घातलेल्या शंभर वॅटांतून आवाज होतो जेमतेम एखाद-दुसऱ्या वॅटाचा. बाकी सगळी उष्णता.'

हे प्रमाण मला ओळखीचे वाटले. आमच्या शाखेतल्या मीटिंगांचेही साधारण असेच असते.

'डी. सी.मध्ये कॉइल हलतच नाही,' काका पुढे म्हणाले. 'एका जागी उभी राहून भाजते. आवाज नाही, नाच नाही, नुसती भट्टी.'

ट्वीटर का वाचला, तेही कळले. त्याच्या दारात कपॅसिटर उभा असतो. तो गाण्याला आत सोडतो आणि डी. सी.ला 'पुढच्या गल्लीत विचारा' म्हणून घालवून देतो. आणि इथेच काकांनी माझ्या वर्मावर बोट ठेवले. बाबांच्या जुन्या, खाकरणाऱ्या अँप्लिफायरला एकच सप्लाय होता, आणि आउटपुटच्या दारात २२०० मायक्रोफॅरडचा, हाताच्या अंगठ्याएवढा कपॅसिटर. पंचवीस वर्षे तो राखणदार उभा होता. त्याच्याही आधीच्या, काचेच्या व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरांत ट्रान्सफॉर्मर असे. त्यातूनही डी. सी. पलीकडे जाऊ शकत नाही. मग सुधारणा झाल्या. ट्रान्सफॉर्मर जड आणि महाग, म्हणून गेला. कपॅसिटरमुळे खालचे सूर थोडे अडतात, म्हणून तोही गेला. तबल्याचा डग्गा जास्त खुलावा म्हणून अँप्लिफायर आणि स्पीकर यांच्यामधली माणसे एकेक करून काढून टाकली, आणि शेवटी मध्ये उरली नुसती तार.

२००० सालच्या शेवटी सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्ती आली तेव्हा असेच झाले म्हणतात. मी त्यानंतर लागलो. 'हा माणूस इथे नुसता उभा असतो, याचे काम काय?' असे ज्याच्याविषयी वाटे, त्याचे काम काय होते ते तो गेल्यावर कळले.

'फ्यूज असतो की!' मी शेवटचा प्रयत्न केला. फ्यूज या वस्तूविषयी प्रत्येक मध्यमवर्गीयाला आदर असतो.

काका हसले. 'फ्यूज वितळायला वेळ घेतो. आमच्या धंद्यात एक जुनी गोष्ट सांगतात. फ्यूज वाचावा म्हणून तीनशे रुपयांचा ट्रान्झिस्टर आधी स्वतः जळतो. फ्यूज पाहिजेच. घराला आग लागू नये म्हणून पाहिजे. स्पीकरच्या भरवशाला नको.'

मग पाहिजे काय? काकांनी सिगारेटच्या पाकिटाएवढे एक सर्किट काढून दाखवले. त्यावर १२३७ नंबरची आठ पायांची एक आयसी, दोन-चार रेझिस्टर, कपॅसिटर आणि एक रिले. रिले म्हणजे विजेवर चालणारी कडी. करंट मिळाला की लोहचुंबक होऊन ती 'टक्' करून लागते, करंट गेला की सुटते. हे सर्किट अँप्लिफायर आणि स्पीकर यांच्यामध्ये बसते आणि सतत एकच गोष्ट पाहत असते: बेरीज शून्य आहे ना? गाणे कितीही वर-खाली होवो, त्याला ते हात लावत नाही. पण व्होल्ट-दोन व्होल्ट जरी एकाच बाजूला ठाण मांडून बसले, की पाव-अर्ध्या सेकंदात कडी सुटते. स्पीकर मोकळा.

'दीडशेलासुद्धा रिले मिळतो,' काका म्हणाले, 'पण त्याच्या पाठीवर काय लिहिलंय ते वाचायचं.' मी चष्मा लावून वाचले. २५० व्होल्ट ए. सी., ३० व्होल्ट डी. सी. असे लिहिले होते. एकाच कडीला हा पंक्तिप्रपंच का? तर घरातला ए. सी. दर सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो. कडी सुटताना ठिणगी पडली तरी त्या शून्यात ती विझते. डी. सी. कधी शून्यावर येतच नाही. ठिणगी धरून ठेवतो आणि कडीची दोन्ही टोके चिकटवून टाकतो. म्हणजे राखणदारच चोराला जाऊन मिळाला! म्हणून रिले दणकट घ्यायचा; आणि जोडताना अशी युक्ती करायची की कडी सुटली की स्पीकरची तार थेट ग्राउंडला टेकावी. मग ठिणगी टिकलीच तर ती स्पीकरमधून न जाता ग्राउंडला जाते, आणि तेव्हा कुठे आपला तो आदरणीय फ्यूज उडतो.

एवढे सांगून काकांनी अँप्लिफायर दुरुस्तीला आणि स्पीकर कॉइल भरायला नेला. स्पीकर परत आला तेराव्या दिवशी. तेराव्याला बोलू लागलेला माझ्या माहितीतला हा एकटाच.

काकांनी जोडणी केली तीही पाहण्यासारखी. नवे ट्रान्झिस्टर घातलेला अँप्लिफायर त्यांनी थेट भिंतीच्या प्लगात घातला नाही. मध्ये सिरीजमध्ये साठचा पिवळा बल्ब लावला. बल्ब क्षणभर उजळला आणि मंद झाला. 'भरभक्कम पेटून राहिला असता, तर आत अजून शॉर्ट आहे असं समजायचं,' काका म्हणाले. मग मीटरने दोन्ही टर्मिनलांचा डी. सी. मोजला. उजवीकडे १२ मिलिव्होल्ट, डावीकडे १९. मग एक फाटका, भंगारातला स्पीकर लावून पाहिला. तो वाजला. मग नऊ व्होल्टची छोटी बॅटरी घेऊन तिच्या तारा संरक्षणाच्या सर्किटाला टेकवल्या. टक्! कडी सुटली. बॅटरी उलटी केली. पुन्हा टक्. 'चोर कोणत्या अंगानं येईल ते सांगता येत नाही, दोन्हीकडून बघायचं.' एवढे झाल्यावर मग बाबांचे स्पीकर. आमच्या बँकेत एक जण व्हाउचर करतो, दुसरा तपासतो, तेव्हाच पैसे हलतात. काकांनी एकट्याने तपासणीच्या चार पायऱ्या केल्या. बिल झाले सर्किटाचे ३८० रुपये, कॉइलचे ६५०, ट्रान्झिस्टरचे वेगळे. सौ. म्हणाली, 'आधीच ३८० दिले असते तर?' या प्रश्नाला विमा क्षेत्रातही अजून उत्तर सापडलेले नाही.

या सर्किटाची आणखी एक खोड आहे. अँप्लिफायर सुरू केला की ते लगेच स्पीकर जोडत नाही. आतली व्होल्टेज स्थिर होईपर्यंत, साधारण चार सेकंद, ते नुसते पाहत राहते. सगळे ठीक दिसले तरच 'टक्' होते आणि मग गाणे. त्यामुळे सुरू करताना होणारा 'धप्प' आवाजही बंद झाला. पण घरात मात्र तक्रारी सुरू झाल्या. मुलगी म्हणे, 'बाबा, हा हँग होतो.' सौ. म्हणे, 'दोनदा दुरुस्त करूनसुद्धा उशीरच.' त्या चार सेकंदांत अँप्लिफायर माझ्याकडे असा बघायचा, की मला त्याच्याविषयी एकदम आपलेपणा वाटू लागला. कारण गेली बावीस वर्षे काउंटरवर माझेही हेच काम आहे. सही ताडून बघायची, तारीख बघायची, आकडा आणि अक्षर जुळते का बघायचे. पलीकडचा माणूस घड्याळ बघतो, मागचा त्याच्या खांद्यावरून वाकून मला बघतो, आणि दोघांच्याही मनात एकच विचार असतो: हा माणूस मध्ये नसता तर काम किती लवकर झाले असते!

२०२४ साली एक सत्तरीचे गृहस्थ शाखेत आले. मुदत ठेव मोडायची, आणि सगळी रक्कम आत्ताच्या आत्ता परराज्यातल्या एका खात्यात पाठवायची. कपाळावर घाम, शर्टाच्या खिशातला फोन चालू. कुणासाठी, म्हणून विचारले तर 'घरगुती' म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता. पडदा पुढे येऊन एका जागी थबकलेला दिसत होता. मी कीबोर्डवरून हात उचलला आणि म्हणालो, 'काका, सर्व्हर डाउन आहे. बसा पाच मिनिटं.' माझ्या नोकरीत सर्व्हर खरोखर चालू असताना तो बंद आहे असे मी सांगितल्याचा तो एकमेव प्रसंग. ते चिडले. तक्रारवही मागवून माझ्याविरुद्ध पाऊण पान लिहिले. तोवर आमच्या मॅनेजरबाईंनी त्यांना केबिनमध्ये नेले, फोन बंद करायला लावला, मुलाला बोलावून घेतले आणि १९३० या सायबर मदत क्रमांकाला फोन केला. पलीकडचे तोतया पोलीस त्यांना सकाळपासून 'डिजिटल अरेस्ट'मध्ये ठेवून होते. कायद्यात असली अटकच नाही. दुसऱ्या दिवशी गृहस्थ पेढे घेऊन आले आणि तक्रार मागे घेतो म्हणाले. पण तक्रार तोवर वरिष्ठ कार्यालयात पोचली होती. तिचे उत्तर मला लेखी द्यावे लागले. 'ग्राहकास विलंब का झाला?' या रकान्यात काय लिहावे, याचा मी बराच विचार केला. 'टक् झाले नव्हते' असे लिहायची फार इच्छा होती.

तेव्हापासून खंडेनवमीला आमच्याकडे एक विधी असतो. लोक हत्यारांची पूजा करतात; मी अँप्लिफायरला हळदकुंकू वाहतो आणि नऊ व्होल्टची बॅटरी घेऊन राखणदार जागा आहे की नाही ते पाहतो. एकदा सुलट, एकदा उलट. टक्, टक्. मग झेंडूचे फूल. रेडिओवाल्या काकांनी २०१९ साली दुकान बंद केले. आता त्या जागी मोबाइलची कव्हरे मिळतात. त्यामुळे ही बॅटरी लावणारा गल्लीत मीच उरलो आहे. कॉमर्सचा असून.

बाबांनी त्र्याऐंशी पूर्ण केली. कान मंद झालेत. रविवारी संध्याकाळी ते अजून स्वतः कॅसेट लावतात, बटण दाबतात आणि तळवा डाव्या खोक्यावर ठेवून उभे राहतात. टेकायचे नाही, हा नियम त्यांनी स्वतःपुरता शिथिल केला आहे. टक् त्यांना ऐकू येत नाही. म्हणून माझ्याकडे बघून विचारतात, 'लागला का रे?'

'लागला, बाबा.'

मग आई गाऊ लागते. दुसरी ओळ सुखरूप जाते, कुकरच्या शिट्ट्या होतात. ऐन अंतऱ्यात ती ओरडते, 'अरे, दूध बघा कुणीतरी!' ते मात्र बाबांना बरोबर ऐकू येते. आणि दर रविवारी, आम्ही सगळे 'अहो, बसा' म्हणत असताना, ते उठून स्वयंपाकघरात जातात आणि गॅस बघून येतात.

गेल्या महिन्यात दूध खरोखरच वर आले होते.